राहून गेलेला धडा



२००४ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात नादिया नावाची १२ वर्षांची मुलगी शाळेच्या गणिताच्या चाचणीत अडकली. एककांची रूपांतरे तिला जमली नाहीत. अडचण एका धड्याची होती, पण त्यावरून शाळेने तिची रवानगी गणिताच्या संथ तुकडीत केली. अशा तुकडीतल्या मुलांच्या वाट्याला बीजगणित उशिरा येते, कॅल्क्युलस बहुधा येतच नाही, आणि पुढे अभियांत्रिकीचा विचारही मागे पडतो. नादियाच्या नात्यातला एक भाऊ तेव्हा बोस्टनमध्ये नोकरी करत होता. एवढी हुशार मुलगी एका धड्यापायी मागे राहते, हे त्याला पटेना. कामावरून आला की तो तिला फोन लावायचा आणि याहू डूडलच्या पाटीवर दोघे आपापल्या संगणकावरून गणिते सोडवायची. नादियाने तीच चाचणी पुन्हा दिली आणि ती चांगली उत्तीर्ण झाली.

त्या भावाचे नाव सलमान खान. जगभरचे विद्यार्थी त्यांना सॅल म्हणतात.

खान यांचा जन्म १९७६ सालचा, लुइझियाना राज्यातला. वडील मूळचे बरिशालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. आई मुर्शिदाबादची, आणि मुलांना तिनेच एकटीने वाढवले. एमआयटीतून गणित आणि संगणकशास्त्राच्या पदव्या, मग हार्वर्डची एमबीए, त्यानंतर गुंतवणूक कंपनीत विश्लेषकाची नोकरी, असा त्यांचा प्रवास. शिकवण्याचे औपचारिक प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. या गोष्टीचा फायदा झाला तसा तोटाही झाला.

नादियापाठोपाठ तिचे भाऊ शिकायला आले, मग नात्यातली आणि ओळखीतली आणखी मुले. सगळ्यांच्या वेळा जुळेनात, तेव्हा एका मित्राच्या सुचवण्यावरून २००६ मध्ये खान यांनी धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. त्या काळी यूट्यूबवर १० मिनिटांपेक्षा मोठी चित्रफीत चालत नसे, म्हणून धडे तेवढ्याच लांबीचे झाले. काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरांत उलगडत जाणारे गणित आणि शेजारी बसून बोलावे तसा आवाज. शिकवणाऱ्याचा चेहरा कुठेच दिसत नाही. लिहून आणलेले भाषण नाही. उदाहरण सोडवता सोडवता माणूस मोठ्याने विचार करतो आहे, एवढेच.

भावंडांनी मग कळवले की प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा चित्रफीतच बरी वाटते. खान यांनी हे पुढे जाहीर व्याख्यानातही सांगितले, आणि या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे. पाचवीतला अपूर्णांक आठवत नाही हे आठवीतल्या मुलाला भर वर्गात सांगता येत नाही. समोर प्रेमाचा भाऊ असला, तरी त्याचा वेळ आपण खातो आहोत ही बोच असतेच. चित्रफीत थांबवता येते, दहा वेळा मागे नेता येते. कोणी सुस्कारा टाकत नाही. या मुलांना बुद्धी कमी पडत नव्हती, संकोच आड येत होता.

तरीही नुसते पाहून गणित येत नाही, हे खान यांना ठाऊक होते. चित्रफितींच्याही आधीपासून ते भावंडांसाठी सरावाची प्रणाली स्वतः लिहीत होते. तिचा सुरुवातीचा नियम कडक होता: लागोपाठ १० उत्तरे बरोबर आली तरच पुढचा धडा. कोणी दोन दिवसांत जावे, कोणी दोन आठवड्यांत. शिकायचे मात्र पूर्ण.

ही कल्पना खान यांची एकट्याची नाही. कार्लटन वॉशबर्न यांनी १९२०च्या दशकात इलिनॉयमधल्या विनेट्का गावच्या शाळांत ती राबवली होती. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले की स्वतंत्र शिकवणी मिळालेला आणि प्रत्येक पायरी पक्की करत गेलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. प्रत्येक मुलाला शिक्षक कुठून आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. स्वस्त संगणकाने त्या प्रश्नाचा थोडा भाग सोडवला.

आपल्याकडे दहावीला ३५ गुणांना उत्तीर्ण करतात. उरलेल्या ६५ गुणांत काय राहून गेले, हे पुढच्या वर्गात कोणी विचारत नाही. महाविद्यालयात एटीकेटी मिळते आणि विषय मागे ठेवून वर्ष पुढे सरकते. पाया कच्चा राहिला असे आपण मुलाबद्दल म्हणतो. खरे तर तो कच्चा ठेवून वर चढवणारी व्यवस्था आपलीच आहे.

२०१० च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या लॉस अल्टोसच्या शाळांत पाचवी आणि सातवीच्या काही वर्गांनी खान यांच्या धड्यांचा आणि सरावाचा मार्ग धरला. सुरुवातीला एखाद्या संकल्पनेवर अडलेली मुले ती पक्की झाल्यावर झपाट्याने पुढे गेल्याचे शिक्षकांना दिसले.

खान यांनी २००९ मध्ये खान अकॅडमी या आपल्या संस्थेसाठी नोकरी सोडली आणि काही महिने बचतीवर काढले. २०१० मध्ये अॅन डोअर या देणगीदार मदतीला आल्या, आणि त्याच वर्षी गूगलने २० लाख डॉलर दिले. त्यात धड्यांच्या भाषांतराचाही हेतू होता. आज खान अकॅडमीचे धडे मराठीतही मोफत मिळतात.

या धड्यांवर टीका झाली, ती योग्यही होती. ऋण संख्यांच्या गुणाकाराच्या एका धड्यातल्या उणिवा २०१२ मध्ये मिशिगनच्या दोन प्राध्यापकांनी दाखवल्या. खान अकॅडमीने तो धडा काढून नवा टाकला. वर्गातला जाणता शिक्षक का हवा, ते इथे स्पष्ट होते. उत्तर कसे काढायचे हे चित्रफीत दाखवते, पण मुलाच्या मनात काय चुकले आहे ते ओळखायला माणूस लागतो.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी थोडेच शिक्षक होतील. पण घरी, वाडीत, इमारतीत गणिताला घाबरणारे एखादे मूल प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा. सातवीचे पुस्तक बाजूला ठेवा, पाचवीचे उघडा, आणि त्याचे बोट जिथे अडखळेल तिथून सुरुवात करा.