विचारणारा विद्यार्थी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुरुजींनी सांगावे व मुलांनी मुकाट्याने उतरून घ्यावे, ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु मुलाला कळले किती, हे त्याने तोंड उघडल्यावाचून शिक्षकास उमगणार कसे?

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली; ती साने गुरुजींनी टिपून घेतली. श्रवणाला आम्ही कमी लेखीत नाही. तथापि गीता हाच मुळी संवाद आहे. अर्जुन शंका विचारीत गेला, म्हणून उपदेश पुढे सरकला. साने गुरुजीही अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातील मुलांत राहिले; त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. त्यांचे शिकविणे शाळेच्या घंटेबरोबर संपत नसे.

आपल्या खानदेशी मुलाची अडचण आणखी निराळी. घरी तो अहिराणी बोलतो. वर्गात तसा शब्द निघाला आणि मुले हसली, की तो मिटतो. मग शंकाही विचारीत नाही. शिक्षकाने तोच शब्द प्रेमाने फळ्यावर लिहून शेजारी पुस्तकी शब्द मांडला, तर दोन्ही भाषा त्याच्या होतील.

म्हणून पालकांस विनंती, की मूल घरी येताच गुणांआधी ‘आज काय विचारलेस?’ असे पुसावे. मंडळानेही गुणगौरव समारंभात उत्तम प्रश्नासाठी एक पारितोषिक ठेवावे. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आनंदाने देऊ.