राणीच्या बागेत शिकलेला धडा



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. तरी सुटीत पाहिलेली एक गोष्ट सांगते.

आम्ही घरची सारी मंडळी भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. १८६२ साली खुली झालेली ही बाग. आता तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. पहाटे चारला उठून मी एकटीने सर्वांचे डबे भरले होते. पाय अगदी भरून आले होते.

तेथे २०१६ साली आणलेले पेंग्विन पक्षी आहेत. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. गार काचघरात ते दुडुदुडु चालत होते. मुलगा म्हणाला, "आई, यांच्यात नर-मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवतात. पिलांनाही दोघे भरवतात."

सासूबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या, "बघ रे, पाखराला कळतं!"

सगळे हसले. माझे मात्र डोळे भरून आले.

मंडळाच्या सभेला मी नेहमी उशिरा येते, हे आपण जाणताच. आज वेळेवर आले. घरी कुकर कोणी लावला, ते मी सांगत नाही!