थंडीत जपून राहू
थंडी पडली, की उसाचा हंगाम भरात येतो. पहाटेच्या धुक्यात उसाची बैलगाडी, ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून आपण गाडीला मागून लाल चमकपट्टी लावू. गाडी बंद पडली, तर कडेला घेऊ. चाकाला लावलेले दगड निघताना उचलू.

आता घरातलं पाहू. दार-खिडकी लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच दगावतो. निजण्याआधी शेगडी बाहेर काढू. डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच मोकळ्या हवेत जाऊ आणि १०८ ला फोन करू. रात्री घोंगडी पांघरू.