बंदुकीचा सायलेन्सर : घ्यावा की न घ्यावा?



कामगार संघटनेत उभी हयात घालवलेला माणूस बंदुकीच्या सायलेन्सरवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संघटनेने आता मोर्चे सोडून दुसराच मार्ग धरला की काय, अशी शंकाही एखाद्याच्या मनात येऊन गेली असेल. तसे काही नाही. माझा खरा विषय बंदूक नसून कान हा आहे. यंत्रमागाच्या खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाशी घरच्या ओसरीवरही ओरडून बोलावे लागते, हे मी तरुणपणापासून पाहत आलो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच. पुढची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तेथे आवाज आणि बहिरेपण यासंबंधी जे हाती लागले ते मी वाचत गेलो.

आता बंदूक यात कोठून आली ते सांगतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाला असून आता तिकडचाच नागरिक आहे. सुटीच्या दिवशी मैदानावर जाऊन रायफलीने नेमबाजी करण्याचा त्याला छंद लागला आहे. त्याने मला विचारले, "काका, इथे पुष्कळजण रायफलीला सायलेन्सर लावतात. त्यावरचा करही आता उठला आहे. पैसे घालावेत का?" प्रश्न एका हौशी माणसाच्या खरेदीचा आहे. पण आवाज कोठे अडवायचा, जिथे निघतो तिथे की कानाशी, हा तुमचा-माझा प्रश्नही त्याच्या पोटात दडला आहे. म्हणून त्याला जे उत्तर कळवले तेच विस्ताराने आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हायरॅम स्टीव्हन्स मॅक्सिम या गृहस्थाने १८८४ च्या सुमारास मशीनगन तयार केली. तोफाबंदुकांच्या सहवासात आयुष्य काढलेला हा माणूस उतारवयात जवळजवळ ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरॅम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणाचे अमेरिकन पेटंट १९०९ साली मिळवले. बापाने आवाज जगाला दिला आणि मुलाने तो दाबण्याची खटपट केली. पुढे तेच तत्त्व इंजिनांचा आवाज कमी करण्यासाठी वापरले गेले. आपल्या मोटारसायकलीच्या सायलेन्सरचे आणि बंदुकीच्या सायलेन्सरचे घराणे असे एकच आहे.

त्याचे काम समजायला अवघड नाही. काडतुसातली दारू पेटली की प्रचंड दाबाचा तप्त वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीबाहेर पडताच तो वायू एकदम मोकळा होतो आणि धडाका होतो. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडावर बसवलेले, आत पडदे घालून खण पाडलेले नळकांडे. वायू खणाखणांतून पसरत, निवत, रेंगाळत बाहेर येतो आणि धडाका मंदावतो. परंतु गोळी स्वतः ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर ती हवेत चाबकासारखा कडाका काढीत जाते. त्या कडाक्याला हे नळकांडे काहीही करू शकत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर मैदानावरच्या नेहमीच्या रायफलीची गोळी ९०० मीटरच्या आसपास धावते. म्हणून चित्रपटातला खलनायक 'फुस्स' करून माणूस मारतो, ते चित्रपटातच शोभते. सायलेन्सर हे नाव म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्याला 'सप्रेसर', म्हणजे आवाज दाबणारा, असेही म्हणतात. तेच नाव जास्त प्रामाणिक आहे.

आता आकड्यांकडे वळू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि ही मोजपट्टी फसवी आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. लहान .२२ रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास भरतो. मोठ्या रायफलीचा १६० च्या वर, १६५ पर्यंत जातो. क्षणिक आवाज १४० च्या वर कानावर पडू नये, अशी मर्यादा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने घातली आहे. चांगला सायलेन्सर २० ते ३५ डेसिबल कमी करतो. समजा ३० कमी केले. म्हणजे ऊर्जा हजारात एक उरली! कामगिरी मोठी खरी. तरीही १६५ मधून ३० गेले की १३५ उरतात. मर्यादेच्या जेमतेम आत. आणि हौशी नेमबाज एका सकाळी शंभर-शंभर गोळ्या झाडतो. एवढे धक्के सोसणारा कान सुरक्षित आहे असे कोणी म्हणू नये.

कान जातो म्हणजे काय होते? आपल्या प्रत्येक कानात आतल्या शंखात पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. आवाजाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दात पडला तर कवळी बसते, पण या पेशींना कवळी नाही. ग्लासगोचे डॉ. टॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. त्यांत एकाचाही कान धड निघाला नाही. नेमबाजांत आणखी एक गंमत आढळते, तिला गंमत म्हणायचे तर! उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याचा डावा कान आधी बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. आवाज पुढे कोठून शिरला, याची अशी सही मागे राहते.

मग उपाय कोणते? कामगार चळवळीत आम्ही एक क्रम शिकलो. धोका आधी मुळाशी अडवावा, ते जमले नाही तर वाटेत अडवावा, आणि शेवटी माणसाच्या अंगावर साधने चढवावीत. कारखान्यात बहुधा हा क्रम उलटा चालतो. यंत्राला आवरण घालायला पैसे लागतात. कानात घालायचे बोळे स्वस्त पडतात. मग बोळे वाटून मालक मोकळा, आणि ते घातले नाहीत म्हणून दोष कामगाराचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! या क्रमाने पाहिले तर सायलेन्सर हाच योग्य उपाय, कारण तो आवाज निघतो तिथेच पकडतो.

पण तत्त्व हिशेबाला सोडून चालत नाही. तिकडे रायफलीच्या चांगल्या सायलेन्सरला पाचशे ते हजार डॉलर पडतात; नळीच्या तोंडाला आटे नसतील तर ते पाडण्याचा खर्च वेगळा. कानातले बोळे डॉलरच्या आत मिळतात आणि कानांवरच्या झाकण्या वीस-पंचवीस डॉलरपासून. आत बोळे आणि वर झाकण्या अशी जोडी घातली तर एकट्या बोळ्यांपेक्षा चार-पाच डेसिबल जास्त अडतात. शिवाय सायलेन्सरने बंदूक वीतभर लांब आणि पुढे जड होते. तो इतका तापतो की हात भाजावा. नेम थोडा सरकतो, म्हणून तो नव्याने जुळवावा लागतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत तर वायूचा काही भाग मागे फिरून शिसे मिसळलेला धूर नेमबाजाच्याच तोंडावर येतो.

तरी दोन गोष्टी अशा आहेत की त्या बोळ्यांना कधीच साधत नाहीत. बोळे फक्त घालणाऱ्याचा कान वाचवतात. सायलेन्सर शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा, शिकवणाऱ्या गुरूचा आणि मैदानाबाहेरच्या वस्तीचाही त्रास कमी करतो. दुसरे असे की शिकारीला पानांची सळसळ ऐकायची असते, म्हणून तो कान झाकायला नाखूश असतो आणि उघड्या कानाने बार काढतो. म्हणूनच फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड या देशांत शिकारी रायफलीला सायलेन्सर लावणे ही नित्याची बाब आहे.

अमेरिकेत मात्र त्याचा इतिहास वेगळा. गुंडांच्या टोळ्यांच्या धाकाने १९३४ साली झालेल्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि सरकारी नोंदणी बसवली. तेव्हा तो कर वस्तूच्या किमतीहून मोठा होता. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला. बोटांचे ठसे, छायाचित्र आणि नोंदणी राहिली. पन्नासांपैकी आठ राज्यांत सामान्य माणसाला तो बाळगताच येत नाही. टेक्सासमध्ये येतो.

नोंदणीही काढावी असे तिकडे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे एका माणसाने बारा जणांना ठार मारले. त्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. बंदुकीचा आवाज हा कान फोडणारा शत्रू असला तरी निरपराध माणसाला पळण्याची सूचनाही तोच देतो. हौशी माणसाच्या कानाची काळजी घेताना दुसऱ्याचा जीव विसरता येत नाही. खरी हौस असलेल्याला नाव नोंदवायला लाज कसली?

तेव्हा त्या मुलाला मी असे कळवले. पहिले पैसे बोळे आणि झाकण्या यांवर घाल, तेही आजच. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मैदानावर जात असशील तर तेवढे पुरे. सायलेन्सरचे पैसे मुलांच्या शिक्षणाला ठेव. दर आठवड्याला जात असशील, शिकार करीत असशील, किंवा पुढे पोरांना शिकवणार असशील, तर सायलेन्सर घे. पैसे वाया जाणार नाहीत. पण तो लावला म्हणून कान उघडे टाकशील, तर घेतला नाहीस तेच बरे.

आपल्या देशात या खरेदीचा प्रश्नच उद्भवत नाही. येथे शस्त्रांच्या नियमांनी आवाज दाबणारे उपकरण निषिद्ध वर्गात घातले आहे. पण नेमबाजी येथेही वाढते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, आणि गावोगावची मुले रायफल धरू लागली आहेत. त्यांच्या पालकांना एवढेच सांगणे की मुलाला रायफल घेऊन देण्याआधी कानाची साधने घेऊन द्या, आणि ती घातल्याशिवाय त्याला मैदानात उभे राहू देऊ नका.

आणि जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेतला हौशी नेमबाज स्वतःच्या करमणुकीसाठी आवाज करतो, आणि तो मुळाशी दाबणारे साधन त्याच्यासाठी बाजारात तयार आहे. आपला विणकर पोटासाठी दिवसाचे बारा तास आवाज सोसतो, आणि त्याच्या वाट्याला फार तर कापसाचा बोळा येतो. छंदासाठी जे शास्त्र एवढे राबले, ते श्रमासाठी राबवण्याची मागणी करणे हे काही पाप नाही. कारखान्याच्या मालकाला, तपासनिसाला, निवडून दिलेल्या प्रतिनिधीला आपण नागरिकांनी एवढेच विचारावे, की यंत्राचा आवाज मुळाशी कमी करण्यासाठी आपण काय केले? हा प्रश्न कामगाराने विचारला की त्याला मागणी म्हणतात. सबंध गावाने विचारला की त्याचे उत्तर द्यावे लागते.