सासऱ्यांची दाढी, आपल्या हातानं

नांदगावहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सलूनपर्यंत नेता येत नाही. दाढी वाढते, खाज सुटते, पाहुणा आला की ते तोंड फिरवतात. ही दाढी आपण घरीच करू शकतो. "बाईनं दाढी करायची?" असं कुणी म्हटलं, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव सांगा. १९८४ साली नवरा गेला. त्यांनी वस्तरा हाती घेतला आणि चार मुली वाढवल्या.

आधी सासऱ्यांना विचारा. उशीला टेकवून बसवा. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं गालावर ठेवा. ब्रशनं साबणाचा भरपूर फेस लावा. सेफ्टी रेझरला नवं ब्लेड घाला. कातडी ताणून धरा, रेझर साधारण ३० अंश तिरपा ठेवा, केसांच्या दिशेनं थोडं थोडं ओढा. दाबू नका, रेझरचं वजनच पुरतं. गळ्याशी सावकाश. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाचं ब्लेड दुसऱ्याला लावू नका. त्यातून बी प्रकारची कावीळ पसरते. जुनी ब्लेडं झाकणाच्या डब्यात साठवा, उकिरड्यावर नकोत.

आणि झाल्यावर आरसा द्यायला विसरू नका.