दिवा लुकलुकतो तेव्हां

(नभोवाणीवरील भाषण)

छत्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. उत्तर चुकलें तरी चालेल, पण प्रश्न पुरता वाचल्यावांचून लेखणी उचलूं नका, असें मी त्यांना नेहमीं बजावीत असें. गेल्या हिवाळ्यांत हाच नियम माझ्या हातून मोडला गेला, आणि तोही एका साध्या विजेच्या दिव्याच्या बाबतींत. त्या चुकीची हकीकत सांगावी, आणि घरांतील दिवा लुकलुकूं लागला असतां काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें व केव्हां हात मागें घ्यावा, हें आपल्यापुढें ठेवावें, असा आज माझा विचार आहे. मी कांहीं विजेचा पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. जें सांगणार तें अनुभवानें पटलेलें आणि आमच्या जाणत्या वायरमननें समजावून दिलेलें आहे.

प्रथम आमच्या घरची गोष्ट. माझ्या पत्नीस रात्रीं दोन-तीन वेळां उठावें लागतें. भर उजेडानें डोळे दिपतात, आणि काळोखांत पाय अडखळतो. म्हणून मुलानें निजावयाच्या खोलींत दिवा मंद करणारें फिरतें बटण, ज्यास डिमर म्हणतात, तें बसवून दिलें. दिवा जुन्या पद्धतीचा, आंत तार असलेला, ६० वॅटचा होता. बटण फिरवावें, आणि कंदिलाची वात खालीं करावी तसा उजेड उतरत जावा. दोन-तीन वर्षें कांहीं तक्रार नव्हती. पुढें तो दिवा गेला. २०१५ सालीं केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, तेव्हांपासून एल. ई. डी. दिवे घरोघरीं पोंचले आहेत. आमच्याही कपाटांत ९ वॅटचा तसा एक दिवा होता. तो लावला. भर उजेडावर तो ठीक चालला. पण बटण निम्म्याखालीं आणतांच पापण्या मिचकावल्याप्रमाणें लुकलुकूं लागला. आणखी खालीं आणला तर विझावा, पुन्हां पेटावा. पत्नी म्हणाली, “अहो, यापेक्षां काळोख बरा!”

असें कां व्हावें? आपल्या घरांत येणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी नव्हे. तिचा दाब २३० व्होल्ट धरलेला असून ती सेकंदास ५० आवर्तनें करते. म्हणजे एका सेकंदांत १०० वेळां ती शून्यावर येऊन दिशा पालटते. डिमर हा प्रवाह वातीसारखा बारीक करतो, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. पूर्वीं नाटकगृहांतील दिवे मंद करावयाचे तर रोधक वापरीत, आणि नको असलेली वीज त्यांत उष्णता होऊन वायां जाई. १९५९ सालीं अमेरिकेंत जोएल स्पायरा यांनीं भिंतींतील बटणाच्या जागीं मावेल असा अर्धवाहकाचा डिमर सिद्ध केला. आपल्या घरांतील साधा डिमर त्याच जातीचा आहे. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा आरंभींचा कांहीं भाग तो कापून टाकतो आणि उरलेला भाग दिव्याकडे सोडतो. नळ बारीक सोडण्याऐवजीं तो सेकंदांत शंभर वेळां उघडावा आणि मिटावा, तसें हें आहे.

आतां जुन्या दिव्यांतील तार तापून प्रकाश देते. चुलीवरचा तवा एकदां तापला म्हणजे खालची आंच क्षणभर मंदावली तरी भाकरी भाजतच राहते. त्याप्रमाणें ती तार मधल्या खंडांत निवत नाहीं, आणि आपल्या डोळ्यांस खंड दिसत नाहीं. एल. ई. डी. दिव्याची गोष्ट निराळी. त्याचा प्रकाश उष्णतेवर अवलंबून नसतो. प्रवाह थांबला कीं प्रकाश थांबला. त्याच्या पोटांत एक छोटें मंडल असतें, तें आलेल्या विजेस योग्य रूप देतें. तें मंडल अखंड विजेसाठीं बनविलेलें असेल तर कापलेली वीज त्यास पुरत नाहीं. तें चालू होऊं पाहतें, अडतें, पुन्हां चालू होऊं पाहतें. हेंच लुकलुकणें.

दुसरेंही एक कारण आहे. डिमरमधील अर्धवाहकास आपलें द्वार उघडें ठेवण्यापुरता कांहीं किमान प्रवाह लागतो. ६० वॅटचा दिवा तो सहज पुरवीत असे. ९ वॅटचा दिवा म्हणजे त्याचा सुमारें सातवा हिस्सा! एवढ्या थोड्या प्रवाहावर तें द्वार मध्येंच मिटतें. म्हणून डिमर घेतांना तो जास्तींत जास्त किती वॅट सोसतो एवढेंच न पाहतां कमींत कमी किती वॅट मागतो, हेंही पाहावें.

इलाज असा झाला. दिव्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ असें स्पष्ट छापलेलें असेल तोच दिवा डिमरवर लावावयाचा. तसा दिवा आणल्यावर लुकलुकणें बहुतेक गेलें. अगदीं शेवटच्या टोकास तेवढें राहिलें. मग एल. ई. डी. दिव्यांसाठीं मुद्दाम केलेला, अर्ध्या आवर्तनाचा मागचा भाग कापणारा डिमर वायरमननें बसविला. कांहीं डिमरांत, उजेड किती खालीं उतरूं द्यावयाचा तें ठरविणारा एक बारीक स्क्रू असतो. मेन स्विच बंद करून त्यानें तोही जरासा फिरविला. दिवा स्थिर झाला. येथें एक सूचना : पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर दिसावयास सख्खीं भावंडें, पण एकाचें काम दुसऱ्यावर सोंपवूं नये. दुकानांत स्पष्ट सांगून मागावें.

श्रोतेहो, येथवर सारें ठीक झालें. पण यामुळें मला वाटूं लागलें कीं, लुकलुकणाऱ्या दिव्याचें सर्व शास्त्र आपल्यास अवगत झालें.

माझी थोरली बहीण सातारा येथें एकटी राहते. तिचें वय पंचाहत्तरीच्या पुढें आहे. आम्ही सर्व तिला अक्का म्हणतों. तिच्याही दिवाणखान्यांत भाच्यानें डिमर बसविलेला आहे. पौषांत एके संध्याकाळीं तिचा फोन आला. “अण्णा, दिवाणखान्यांतला दिवा सारखा लुकलुकतो रे. पोथी वाचवत नाहीं.” मीं तिला पुढें बोलूंच दिलें नाहीं. आवर्तन, डिमर, किमान वॅट असें सगळें व्याख्यान ऐकविलें आणि म्हणालों, “अक्का, तूं काळजी करूं नकोस. दिवा आणि डिमर यांचें जमत नाहीं, एवढेंच. मी योग्य दिवा पाठवितों.” ती म्हणाली, “तूं मास्तर, तुला ठाऊक.” आणि निश्चिंत झाली.

दिवा पाठवावयास मला आठ दिवस लागले. तो पोंचण्यापूर्वींच एका रात्रीं तिच्या बोर्डांतून धूर निघाला. शेजारच्या गृहस्थांस जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. त्यांनीं धांवत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून भिंत काळी होण्यावरच निभावलें. दुसऱ्या दिवशीं मी साताऱ्यास गेलों. वायरमननें बोर्ड उघडून दाखविला. बोर्डास वीज आणणारी तार ज्या स्क्रूखालीं धरलेली असते, तो स्क्रू सैल होता. त्याच बोर्डावरील सॉकेटला अक्का थंडीमुळें संध्याकाळीं शेकण्याची विजेची शेगडी लावीत असे. सैल सांध्यांत प्रवाहास अडथळा होतो व तेथें उष्णता उत्पन्न होते. दिव्याच्या अल्प प्रवाहानें ती जाणवण्याइतकी नसते; पण शेगडीचा प्रवाह त्याच्या कितीतरी पट. सांधा तापे, निवे, अधिकच सैल होई. दिवा जें सांगत होता तें हें होतें. डिमरशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.

मीं वायरमनला विचारलें, “मग एम. सी. बी. आपोआप कां पडली नाहीं?” तो म्हणाला, “मास्तर, प्रवाह मर्यादेपेक्षां वाढला किंवा तारा एकमेकींस भिडल्या तर ती पडते. येथें प्रवाह वाढलाच नव्हता. फक्त सांधा तापत होता. तें तिला कळत नाहीं.” हें वाक्य आपण प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एम. सी. बी. आहे म्हणून सैल सांध्याची भीति नाहीं, असें मुळींच समजूं नये.

अक्का रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “अण्णा, तूं विचारलें असतेंस तर मीं सांगितलें असतें. शेगडी लावली कीं दिवा जास्त लुकलुके, आणि पंखाही अडखळे. सकाळीं कांहीं होत नसे.” निदानास लागणारी सगळी माहिती तिच्याजवळ होती. मीं ती विचारलीच नाहीं.

म्हणून आतां मीं प्रश्नांचा एक क्रम ठरविला आहे. तो आपणही लिहून ठेवावा.

पहिला प्रश्न : लुकलुकतो तो एकच दिवा, कीं आणखीही कांहीं अडखळतें? सगळ्या घरांतील दिवे एकदम कमीजास्त होत असतील, कांहीं मंद व कांहीं नको तितके प्रखर होत असतील, तर न्यूट्रल तार सैल झाल्याची शंका घ्यावी. इमारतीस तीन फेजची वीज असेल, तर न्यूट्रल सुटल्यावर कांहीं घरांतील दाब उतरतो आणि कांहींचा चढतो. तो २३० सोडून ४०० व्होल्टांच्या जवळपासही जाऊं शकतो. अशा वेळीं विचार करीत बसूं नये. मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांस सांगावें आणि वीज कंपनीस कळवावें.

दुसरा प्रश्न : एखादें जड उपकरण चालू असतांना लुकलुकणें वाढतें कां? पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होतांना दिवा क्षणभर मंदावून सांवरला, तर तें पुष्कळ घरांत होतें. पण शेगडी, इस्त्री अथवा गीझर चालू असेपर्यंत दिवा अडखळत राहिला, तर सांधा सैल असण्याचा संभव मोठा.

तिसरा प्रश्न : बोर्डाजवळ वास, चरचर किंवा उष्णता आहे कां? डिमर किंचित् कोमट लागणें स्वाभाविक आहे. पण हात ठेववत नाहीं इतका तो तापला, प्लॅस्टिक पिवळें पडलें, किंवा आंतून तडतड ऐकूं आली, तर मेन बंद करून परवानाधारक वायरमनलाच बोलवावें. स्वतः बोर्ड उघडूं नये.

या तिन्ही प्रश्नांचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तरच चौथा प्रश्न : डिमर पूर्ण उजेडावर नेला असतां लुकलुकणें थांबतें कां? थांबत असेल तर दोष बहुधा दिवा व डिमर यांच्या न जुळण्याचा. थांबत नसेल तर बटण बंद करावें, दिवा निवूं द्यावा आणि दुसऱ्या खोलींतील चांगला दिवा तेथें लावून पाहावा. तो स्थिर राहिला तर पहिला दिवाच बिघडलेला. तोही लुकलुकला तर होल्डरांतील स्प्रिंग, बटण अथवा सांधा यांपैकीं कांहीं तरी सैल आहे, आणि तें काम पुन्हां वायरमनचें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; दोन बदलल्या तर कोणत्या बदलानें गुण आला, तें कळत नाहीं.

एक निरुपद्रवी प्रकारही सांगून ठेवतों. बटण बंद असतांना एल. ई. डी. दिवा रात्रीं अंधुक चमकत असेल, तर भुताटकी समजूं नये. बटणांत तांबडा सूचक दिवा असेल, तर त्यांतून जाणारा अल्प प्रवाह बहुधा त्याचें कारण असतो.

आमच्या खोलींतील दिवा आतां मंद आणि स्थिर जळतो. पत्नी रात्रीं निर्धास्त उठते. अक्काच्या घरीं नवा बोर्ड बसला असून शेगडीस निराळी तार व निराळें सॉकेट दिलें आहे. तिचा फोन आला, म्हणजे मी आतां प्रथम विचारतों, “अक्का, आणखी काय काय अडखळतें?” मग ती गुडघ्यापासून आरंभ करते, आणि दिव्याची पाळी पुष्कळ उशिरां येते. पण मी मध्यें बोलत नाहीं. आपल्या घरांतील वडीलधारें माणूस ‘दिवा लुकलुकतो’ असें म्हणालें, तर आपणही त्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, एवढीच विनंती.