गरोदर बाईचें ताट



गरोदर बाईनें काय खावें, यावर चार शब्द बोलण्यास आम्हांस सांगण्यांत आलें आहे. शिकलेले लोक म्हणतात, पालघर-बोईसरकडच्या बायका अडाणी, त्यांस आहाराचें ज्ञान नाहीं. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. पहिल्या पावसांत शेवळें कोठें उगवतात व त्यांची खाज काकडानें कशी मारावी, हें वारली बाई कोणत्या शाळेंत शिकली? नाचणींत हाडांस लागणारें कॅल्शियम आहे, असें डॉक्टर आज सांगतात. तिची आजी आंबील पाजीतच होती. सातपाटीस मांगेल्यांच्या घरीं सुका जवळा असतो, त्यांत प्रथिनें भरपूर. अशा बाईस अडाणी म्हणणाराचीच परीक्षा घ्यावी!

पण उरलेलें अर्धें लपवून चालणार नाहीं. पोटभर जेवलें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडेल, या भीतीनें पुष्कळ बाया शेवटच्या महिन्यांत घांस कमी करितात. करावयास हवें नेमकें उलट. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारें 350 कॅलरी अधिक लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाणे. अर्धपोटीं आईचें मूल कमी वजनाचें जन्मण्याचा व दगावण्याचा धोका अधिक. पिकल्या पपईची भीति नको. कच्ची, चिकाची तेवढी टाळावी. ग्रहणांत गर्भिणीस उपाशी कोंडणें हा तर शुद्ध भिक्षुकी कारभार. ग्रहण ही सावली आहे. सावलीनें पोटांतल्या पोराचा ओंठ फाटत नाहीं, उपासानें मात्र आईस भोंवळ येते.

तारापूरच्या कारखान्यांमागील चाळींत निराळेंच. परगांवाहून आलेल्या बाईस तेथें ना रान, ना परसूं. सकाळीं चहा-बिस्किट, दुपारीं भात, वर पुन्हां चहा. जेवणाबरोबर चहा घेतला कीं अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. तो तासाभरानें घ्यावा, आणि भाजीवर लिंबू पिळावें. हिमोग्लोबिन 11 च्या खालीं गेलें कीं रक्त कमी झालें समजावें. दवाखान्यांतील लोहाच्या गोळीनें शौचास काळें होतें, म्हणून कित्येक जणी ती फेंकून देतात. काळें होणें हें दुखणें नव्हे.

आतां पुरुषांस विचारतों. हें सर्व ठाऊक असलेली बाई जेवते केव्हां? सासरा, नवरा, मुलगे उठल्यावर. टोपाच्या बुडाशीं राहील तें तिचें. जोतिराव-सावित्रीबाईंनीं 1863 सालीं पुण्यांत गरोदर विधवांस आपल्या घरीं आसरा दिला. त्यांचें नांव घेणाराच्या घरीं हें चालावें काय?

1992 सालीं जव्हार तालुक्यांत वावर-वांगणीस कुपोषणानें मुलें दगावलीं, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रांत ओरड झाली. पुढें 2015 सालीं अमृत आहार योजना आली. आदिवासी भागांत गर्भिणीस अंगणवाडींत एक वेळचें गरम जेवण मिळूं लागलें, त्यांत अंडेंही. तेथेंच बसून जेवावें. डबा घरीं नेला कीं त्याचे पांच वांटे होतात, हें आम्हीं पाहिलें आहे. आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलें कीं ताट गांवांत राहतें व बाई भट्टीवर. मुकादमाकडून उचल घेतेवेळींच विचारा, जवळची अंगणवाडी कोठें आहे. माता-बाल कार्ड बरोबर न्या, आणि पोहोंचल्या दिवशींच तेथें नांव घाला.